बर्फाचं वादळ येतंय म्हटल्यावर तुमच्या घरी काय काय होतं? (अनुभव धागा)

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्याकडे न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मंडळींचे फोन सुरू होतात. "किती स्नो पडतो हो? काय भरून ठेवू?" सरकारी याद्या सगळ्यांना मिळतात. त्या याद्यांत दहा बाटल्या पाणी असतं, पण सासूबाईंच्या गोळ्या नसतात. म्हणून हा धागा. तुमच्या घरात खरोखर कामाला आलेलं काय, ते लिहा. सुट्टी, हॉट चॉकलेट आणि स्नोमॅनचे फोटो दुसरीकडे टाका.

सुरुवात मीच करते. अंदाज जाहीर झाला की दुकानात दूध, ब्रेड आणि अंडी संपतात, हा इथला सण आहे. आमच्याकडे त्याआधी पोहे, मेतकूट, भाजके शेंगदाणे भरलेले असतात. वीज गेली तरी दडपे पोहे होतातच.

गाडीबद्दल एक सांगायलाच हवं. जानेवारी २०१६ च्या वादळात आमच्याच राज्यात, पसेइक गावात, वडील बाहेर बर्फ उपसत होते आणि आई-मुलं उबेला चालू गाडीत बसली होती. धुराडं बर्फाने बुजलेलं. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने आई आणि वर्षाचं बाळ गेलं, काही दिवसांनी तीन वर्षांची मुलगीही. तेव्हापासून आमच्याकडे आधी गाडीचा मागचा पाइप मोकळा होतो, मग किल्ली फिरते.

बफेलो, न्यूयॉर्क

आमच्याकडचा बर्फ तळ्याचा. ईरी सरोवर गोठलेलं नसतं तेव्हा थंड वारा त्यावरून येताना वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आणून ओततो. पट्टा इतका अरुंद असतो की एका उपनगरात गुडघाभर आणि दहा मैलांवर ऊन. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला सुमारे ८० इंच पडला, तेव्हा शहराच्या उत्तरेकडची मंडळी ऑफिसला जात होती.

पण त्याच वर्षीचा नाताळ वेगळा. तेव्हा बर्फापेक्षा वारा वाईट होता. खिडकीतून समोरचं घर दिसत नव्हतं. गाड्या चालवायला बंदी होती आणि अँब्युलन्स, अग्निशामक दल यांनाही पोहोचता येत नव्हतं. या भागात चाळिसांहून जास्त माणसं गेली. काही गाडीत, काही रस्त्यावर, काही मदत वेळेत न पोहोचल्यामुळे घरातच. बंदी लागली की 'पाच मिनिटांत जाऊन येतो' हे वाक्य आमच्या घरात चालत नाही. दूध नसलं तर काळा चहा.

आता कुणी सांगत नाही ते. नवीन फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा, धूर चिमणीतून जात नाही, घराच्या बाजूच्या भिंतीतून दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर येतात. बर्फाचा ढीग तिथपर्यंत चढला की फर्नेस स्वतःहून बंद पडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे धूर आत येतो. कुठल्या भिंतीला ते आहेत हे ऑक्टोबरातच बघून ठेवा आणि शेजारी उंच काठी रोवा. वारा ओसरला की आमच्याकडे दरवाजाच्याही आधी तिथला बर्फ निघतो. आणि मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालणारा हवा. वीज गेल्यावरच त्याची खरी गरज असते.

डॅलस, टेक्सस

बफेलोवाल्यांना हसू येईल, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्याकडे पडला तो बर्फ मोजकाच. हाल झाले ते थंडी आणि वीज यांनी. आधी सांगितलं आळीपाळीने जाईल, मग गेली ती गेलीच. राज्यात ४५ लाखांवर घरं अंधारात होती.

इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीतून किंवा माळ्यावरून जातात. गोठल्यावर फुटतात, पण ते कळतं वितळल्यावर, छतातून पाणी यायला लागलं की. आता आमच्याकडे अंदाज आला की नळ बारीक धारेने चालू, सिंकखालची कपाटं उघडी, बागेच्या नळाला टोपी. टब भरून ठेवतो, फ्लशसाठी. पाण्याची मुख्य चावी घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवली आहे, त्यात भारतातून आलेली आईही आली.

आमचा गॅस काडीने पेटत होता म्हणून शेजारची तीन कुटुंबं आमच्याकडे जेवली. पिठलं-भात सगळ्यांनी खाल्ला, अगदी समोरच्या आजोबांनीसुद्धा. पण घर तापवायला ओव्हन लावायचा नाही आणि कोळशाचं ग्रिल आत आणायचं नाही. त्या आठवड्यात राज्यभर लोक असल्या कार्बन मोनॉक्साइडनेच दवाखान्यात गेले. जनरेटर असेल तर घरापासून वीस फूट लांब. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणंही नको.

मिनिआपोलिस

बर्फाचं आम्हाला काही वाटत नाही, थंडीचं वाटतं. ३० जानेवारी २०१९ ला उणे २८ फॅरनहाइट होतं, म्हणजे साधारण उणे ३३ सेल्सिअस. त्या दिवशी टपालसुद्धा आलं नाही. कानाची पाळी, नाकाचा शेंडा आणि बोटं पांढरी, मेणासारखी दिसली आणि दुखायची थांबली की लगेच आत. चोळायचं नाही, कोमट पाण्यात धरायचं. आजी हात चोळायला धावतेच, तिला आधीच सांगून ठेवा.

लहान मुलांचं: जाड फुगीर कोट घालून कारसीटमध्ये बसवू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण आत कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. पातळ स्वेटर, पट्टा, आणि वरून कोट उलटा पांघरायचा.

ड्राइव्हवेवर साधं मीठ १५ फॅरनहाइटच्या खाली जवळपास निरुपयोगी. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड, नाहीतर सरळ वाळू. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय घसरत नाही.

माँट्रियल

आमच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे. अपॉइंटमेंट ऑक्टोबरात घ्या, नोव्हेंबरात मिळणार नाही. इतकंच.

बॉस्टन

आईबाबा साताऱ्याहून आले होते. बाबा सत्तरीचे, रोज पाच किलोमीटर चालणारे. बर्फ थांबला आणि ते फावडं घेऊन निघाले.
"बाबा, राहू द्या, मी करतो."
"अरे, शेतात काय कमी उपसलंय?"

ओला बर्फ सिमेंटसारखा जड असतो, थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, आणि वर श्वास रोखून उचलायची सवय. दर हिवाळ्यात या कामात लोकांना हार्ट अटॅक येतात. आपल्याकडे हृदयविकार लवकर गाठतो हे वेगळं सांगायला नको. शेवटी बाबांना खिडकीतून 'सुपरवायझर' केलं आणि ते काम त्यांनी अतिशय मनापासून केलं. मी बर्फ उचलत नाही, ढकलतो. थर वाढायच्या आत दोन-तीनदा बाहेर जातो. समोरचा फायर हायड्रंट, म्हणजे अग्निशामक दलाचा पाण्याचा नळ, तोही मोकळा करतो.

बाकी इथे उपसलेल्या पार्किंगवर खुर्ची ठेवून जागा अडवतात. शहराने वादळानंतर ४८ तासांची मुभा दिलेली आहे. दुसऱ्याची खुर्ची हलवायचा विचारही करू नका.

पुणे

मी परदेशात नाही, पण दर डिसेंबरात ओळखीचं कुणीतरी मनालीला असतंच. २०२४ च्या नाताळाच्या तोंडावर सोलंग ते अटल बोगदा भागात हजारभर गाड्या अडकल्या होत्या. आपला ड्रायव्हर सातारा रस्त्यावर कितीही पटाईत असला तरी तिथे स्थानिक, चाकांना चेन लावलेली गाडीच घ्या. गाडी घसरायला लागली की जोरात ब्रेक मारायचा नाही. आणि हॉटेलात रात्री अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, आणून देतात, ती झोपण्यापूर्वी बाहेर. वर टेक्ससवाल्यांनी लिहिलंय तोच वायू.

धागाकर्ती

दोघांनी फ्रिजबद्दल विचारलंय. दार न उघडता फ्रिज चार तास धरतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. "बाहेर एवढी थंडी आहे, दूध बाल्कनीत ठेवू" असं करू नका. दुपारी ऊन पडलं की ते तापतं, आणि प्राणी येतात ते वेगळंच.

इन्सुलिन मात्र उलट. ते गोठलं तर टाकूनच द्यावं लागतं, वितळवून वापरता येत नाही. गाडीत राहू देऊ नका, घर गार पडलं तर अंगाजवळच्या पाउचमध्ये ठेवा. भारतातून आणलेल्या गोळ्यांची पाकिटं फेकू नका. इथल्या फार्मसीत ब्रँडचं नाव कुणाला कळत नाही, पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव लागतं.

अपार्टमेंटवाल्यांनी अजून कुणी लिहिलं नाही. लिफ्ट बंद, आठवा मजला, घरात आजी, अशा वेळी काय केलंत?