अर्थ, विंड अँड फायरचा 'आय ॲम' (१९७९): फंक की डिस्को?

तबकडी:
'अर्थ, विंड अँड फायर' हा अमेरिकन बँड मला मुख्यतः १९७५ च्या 'दॅट्स द वे ऑफ द वर्ल्ड' या अल्बममुळे माहीत आहे. ती संथ पसरत जाणारी गाणी आणि गायक फिलिप बेली यांचा फॉल्सेटो (नेहमीच्या पट्टीपलीकडचा उंच, पातळ आवाज) मनात ठेवून 'आय ॲम' ऐकायला घेतला, तर सगळेच घासूनपुसून लख्ख केल्यासारखे वाटले. 'बूगी वंडरलँड' तर उघडउघड डिस्कोच आहे. डिस्कोची लाट पाहून बँडने आपला मूळ फंकचा (ठसठशीत ठेका आणि बासवर उभ्या संगीताचा) बाज सोडला, असे म्हणावे का? शिवाय हा अल्बम ऐकताना नेमके कशाकडे लक्ष द्यावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

मंद्रसप्तक:
बाज सोडला असे मला वाटत नाही. सोबतची माणसे बदलली, हे अधिक खरे. आपल्याला आवडणाऱ्या १९७५ च्या ध्वनीत चार्ल्स स्टेपनी या शिकागोच्या संयोजकाचा मोठा हात होता आणि त्यांचे १९७६ मध्ये निधन झाले. 'आय ॲम'साठी बँडचे संस्थापक मॉरिस व्हाइट यांनी डेव्हिड फॉस्टर या तरुण कॅनेडियन संगीतकाराला सोबत घेतले आणि अल्बममधल्या नऊपैकी निम्म्याहून अधिक गाण्यांच्या रचनेत त्यांचा सहभाग आहे. आपल्याला जाणवलेला लख्खपणा डिस्कोतून नव्हे, तर लॉस अँजेलिसच्या या स्टुडिओ-संस्कारातून आलेला आहे.

'आफ्टर द लव्ह हॅज गॉन' पाहा. फॉस्टर, जे ग्रेडन आणि बिल चॅम्पलिन या बँडबाहेरच्या तिघांनी ते लिहिले आणि त्याला सर्वोत्तम आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) गाण्याचे ग्रॅमी मिळाले. कडवे खालच्या स्वरांत, जवळजवळ बोलल्यासारखे सुरू होते. कोरस (ध्रुवपद) येताच स्वरपट्टी सरकते आणि कान एका ठिकाणी टेकतो न टेकतो तोच पुढची कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) त्याला उठवते. शेवटी डॉन मायरिक यांचा सॅक्सोफोन येतो. या गाण्यात डिस्को औषधालाही नाही.

पितळी:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण 'बूगी वंडरलँड'ला इतक्या सहज डिस्कोच्या खात्यात टाकू नये. बास ड्रम प्रत्येक मात्रेवर पडतो, 'द इमोशन्स' या गायिकांची साथ आहे, हे खरे. मात्र शब्द नाचगाण्याच्या आनंदाचे नाहीत. ॲली विलिस आणि जॉन लिंड यांच्या या गाण्यातली माणसे रात्री आरशात स्वतःकडे पाहवत नाही म्हणून नाचायला जातात. इतका उदास मजकूर इतक्या झगमगाटात लपवणे मला तरी धाडसाचे वाटते. गंमत अशी, की डिस्को ध्वनिमुद्रणासाठीचे ग्रॅमी एकदाच दिले गेले आणि त्या नामांकनांत हे गाणे होते. पारितोषिक ग्लोरिया गेनर यांच्या 'आय विल सर्व्हाइव्ह'ला गेले, तर 'बूगी वंडरलँड'च्या वाद्य-आवृत्तीला आर अँड बी वादनाचे ग्रॅमी मिळाले.

लक्ष कशाकडे द्यावे, याचे माझे उत्तर ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्ये, हे आहे. 'इन द स्टोन'च्या सुरुवातीला ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन जी ललकारी देतात, ती ऐकूनच अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मार्चिंग बँडनी हे गाणे उचलले असावे. आवाज बंद होतो तोही सगळ्यांचा एकदम. ती कापणी हेडफोनवर ऐकावी.

उलटीसम:
मला मात्र मूळ प्रश्नकर्त्याची तक्रार पूर्णपणे फेटाळावीशी वाटत नाही. 'वेट' आणि 'यू अँड आय' ही गाणी इतकी गुळगुळीत आहेत, की ती कोणत्याही चांगल्या स्टुडिओ-संचाची असू शकली असती, आणि अल मॅके यांची गिटार, जी या बँडच्या फंकचा कणा होती, ती अनेक ठिकाणी स्ट्रिंग्जच्या (व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांच्या) मागे ढकलली गेली आहे. काळ मात्र लक्षात घ्यावा. हा अल्बम १९७९ च्या जूनमध्ये आला आणि १२ जुलैला शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या निषेधार्थ त्याच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटकांनी उडवला गेला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना झालाच नाही. त्यानंतर कितीतरी डिस्को कलाकारांना दारे बंद झाली. हा बँड त्यातून तरला, कारण त्याची भिस्त एकाच ठेक्यावर नव्हती. १९८१ मध्ये 'लेट्स ग्रूव्ह' घेऊन तो पुन्हा नाचाच्या गाण्याकडेच वळला.

तबकडी:
सर्वांचे आभार. स्टेपनी यांच्याविषयीचा खुलासा पटला. ब्रासच्या अंगाने पहिली बाजू पुन्हा ऐकतो. 'उलटीसम' यांनी सांगितलेली गिटार कोणत्या गाण्यात नीट सापडेल?

उलटीसम:
'लेट युअर फीलिंग्ज शो'मध्ये शोधावी. पहिल्या ऐकण्यात फक्त व्हर्डीन व्हाइट यांचा बास धरावा, म्हणजे गिटार त्याच्या मधल्या फटींत आपोआप ऐकू येईल.