शब्दचर्चा : कॅश फ्लो मल्टिपल, म्हणजे रोकडीच्या किती पट?

प्रश्न (लातूर)

आमच्या गुंतवणूक अभ्यासमंडळासाठी मी एका लहान, शेअर बाजारात नोंदलेल्या खाणकंपनीवर मराठीत टिपण लिहीत आहे. वाचक बहुतेक निवृत्त शिक्षक आणि मोंढ्यातील आडत व्यापारी आहेत. ‘कॅश फ्लो मल्टिपल’ या संज्ञेसाठी मला ‘रोख प्रवाह गुणक’, ‘रोख प्रवाह गुणोत्तर’ आणि ‘रोकडपट’ असे तीन पर्याय दिसतात. यांपैकी कोणता वापरावा, त्यात नेमके काय मोजले जाते, आणि खाणीच्या बाबतीत ही संख्या इतर उद्योगांप्रमाणेच वाचावी काय, हे जाणकारांनी सांगावे.

कंपनीचे नाव देत नाही आणि पुढील आकडे निव्वळ उदाहरणासाठी मानलेले आहेत. शेअरचा भाव ४० रुपये असून एकूण शेअर ५ कोटी आहेत, म्हणजे बाजारमूल्य २०० कोटी झाले. कर्ज ६० कोटी आणि बँकेतील शिल्लक २० कोटी आहे. वार्षिक अहवालात कामकाजातून मिळालेली रोकड ४६ कोटी दाखवली आहे. २०० भागिले ४६ केल्यास ४.३५ येतात. ‘सव्वाचारपट म्हणजे मातीमोल भावात मिळते आहे’ असे आमच्यातील दोघांचे मत आहे.

उत्तर (परभणी, सनदी लेखापाल)

आधी शब्दाविषयी लिहिते. ‘गुणोत्तर’ हा शब्द येथे ढोबळ ठरतो, कारण चालू गुणोत्तर, कर्ज-भांडवल गुणोत्तर अशी सगळीच गुणोत्तरे असतात आणि त्यांतून ‘किती पट किंमत मोजतो आहोत’ हा भाव निघत नाही. ‘गुणक’ अचूक असला तरी पाठ्यपुस्तकी आहे. ‘पट’ मात्र आपल्या भागात आजही रोजच्या वापरात आहे. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० खाली संरक्षित कुळाने मालकाला द्यायची किंमत खंडाच्या पटीत बांधून दिलेली होती, आणि कुळाच्या जमिनीवरील विक्रीचे बंधन उठवण्यासाठी आकारणीच्या ४० पट नजराणा भरावा लागतो हे तर तहसिलीत पाय ठेवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वार्षिक उत्पन्नाला एका संख्येने गुणून एकरकमी किंमत काढण्याची ही रीतच ‘मल्टिपल’ या शब्दामागे आहे. म्हणून माझे मत ‘रोकडपट’ला.

‘रोख’पेक्षा ‘रोकड’ बरे, यालाही कारण आहे. ‘रोख’ म्हणजे उधारीच्या उलट, ‘रोख’ म्हणजे बोलण्याची दिशा, आणि ‘रोखे’ म्हणजे कर्जाचे कागद. आर्थिक लिखाणात हे तिन्ही अर्थ एकाच परिच्छेदात येऊ शकतात. रोकड म्हणजे पेटीत खरोखर आलेला पैसा, हे आडत दुकानातील रोजमेळ लिहिणाऱ्या मुनिमालाही समजावून सांगावे लागत नाही. ‘रोख प्रवाह विवरणपत्र’ हे नाव अभ्यासक्रमात रुळलेले आहे, ते बदलण्याचा हट्ट धरू नये.

आता आशयाकडे वळते, कारण खरा घोटाळा तेथेच आहे. ‘रोकडपट’ लिहिताना ‘कोणत्या रोकडीच्या’ हे लिहिले नाही तर शब्द अर्धाच राहतो. आपल्याकडील लेखामानक इंड एएस ७ नुसार बँका व वित्तसंस्था वगळता इतर कंपन्यांनी दिलेले व्याज कामकाजाच्या रोकडीत न धरता वित्तपुरवठ्याच्या भागात दाखवायचे असते. म्हणजे आपल्या ४६ कोटींतून व्याज अद्याप गेलेलेच नाही. बाजारमूल्य केवळ भागधारकांचे असते, आणि ही ४६ कोटींची रोकड मात्र भागधारक व सावकार या दोघांची मिळून आहे. या दोन आकड्यांचा भागाकार केल्यास कर्जबाजारी कंपनी जितकी अधिक कर्जात, तितकी अधिक स्वस्त दिसू लागते. म्हणून अंशस्थानी बाजारमूल्याऐवजी एंटरप्राइज व्हॅल्यू घ्यावी, म्हणजे बाजारमूल्यात कर्ज मिळवावे आणि शिल्लक वजा करावी. येथे ती २०० अधिक ६० वजा २०, म्हणजे २४० कोटी होते, आणि पट ५.२२ वर जाते.

यानेही काम संपत नाही. खाणीतील उत्पादन आहे त्या पातळीवर टिकवण्यासाठी दरवर्षी डंपर, एक्स्कॅव्हेटर आणि पंप बदलावे लागतात, नवा बेंच, म्हणजे खाणीतील पायरीसारखा टप्पा, उघडावा लागतो आणि रस्ते पुढे न्यावे लागतात. हा खर्च विस्तारासाठी नसतो, तो आहे तेथेच उभे राहण्याचा खर्च असतो. आपल्या उदाहरणात तो १६ कोटी धरला तर हातात राहणारी रोकड ३० कोटी उरते आणि पट बरोबर ८ होते. सोन्याच्या खाणींच्या बाबतीत हा खर्च उत्पादनखर्चाबाहेर ठेवून आकडे सुंदर दाखवण्याची सवय इतकी बळावली होती की, जागतिक सुवर्ण परिषदेने २०१३ मध्ये असा सर्व खर्च धरून प्रति औंस खर्च सांगण्याची पद्धत सुचवली.

खुल्या खाणीत आणखी एक बारकावा पाहावा लागतो. खनिजावरचा माती-मुरुमाचा थर काढण्याचा खर्च, म्हणजे कोळसा खाणीत ज्याला सारे ‘ओबी’ म्हणतात ते काम, काही अटींवर मालमत्ता म्हणून नोंदता येते. तसे केले की तो पैसा कामकाजाच्या रोकडीतून न जाता गुंतवणुकीच्या भागातून जातो. एकच काम करणाऱ्या दोन खाणींची ‘कामकाजाची रोकड’ यामुळे वेगळी दिसू शकते. मी स्वतः हा आकडा पाहिल्यावाचून कोणत्याही खाणकंपनीची पट काढत नाही.

तेव्हा भाव ४० रुपयांचाच, पण पट ४.३५, ५.२२ आणि ८ अशा तीन. आपल्या मित्रांनी त्यांतील सर्वांत गोड निवडली आहे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर, भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक)

ताईंनी दिलेले कूळकायद्याचे उदाहरण चपखल आहे, आणि नेमके तेथेच खाण जमिनीपासून वेगळी होते. जमीन पुढच्या हंगामातही तेथेच असते. खाणीतून काढलेला प्रत्येक टन मात्र मालमत्तेतून कायमचा वजा होतो. ३० कोटींच्या रोकडीत धंद्याची कमाई किती आणि भांडवलच फोडून काढलेले किती, हे रोकडीकडे नुसते पाहून कळत नाही. लेखापाल यंत्राच्या झिजेला घसारा म्हणतात आणि खनिज संपत जाण्यासाठी आपल्याकडे ‘अवक्षय’ हा शब्द वापरला जातो. रोकड मोजताना हे दोन्ही परत मिळवले जातात, कारण त्यांत त्या वर्षी पैसा बाहेर जात नाही. यंत्र पुन्हा विकत घेता येते म्हणून टिकवणुकीचा खर्च वजा करून घसाऱ्याची भरपाई होते. खनिजाची तशी भरपाई नसते.

खाण अभियंत्यांना हे फार पूर्वी उमगले होते. हॉस्कोल्ड या इंग्रज खाण अभियंत्याने १८७७ मध्ये मांडलेल्या सूत्रात दोन व्याजदर धरलेले असतात : धोक्याच्या धंद्यातून अपेक्षित असलेला मोठा दर, आणि खाण संपेपर्यंत भांडवल परत उभे करण्यासाठी दरवर्षी बाजूला टाकायच्या रकमेवरचा लहान, सुरक्षित दर. आजच्या पद्धतीत सहसा एकच वटावाचा दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या रोकडीची आजची किंमत काढण्यासाठी दरवर्षी कापायचा दर, वापरतात, पण हेतू तोच आहे.

वटावाचा दर १२ टक्के धरला, तर दरवर्षी सारखीच रोकड देणारी खाण ६ वर्षे चालणार असेल तेव्हा तिची किंमत वार्षिक रोकडीच्या ४.११ पट होते. १२ वर्षे चालणार असेल तर ६.१९ पट, २० वर्षांसाठी ७.४७ पट, आणि अक्षय चालणार असेल तरी केवळ ८.३३ पट. ताईंनी काढलेली ८ पट योग्य ठरण्यासाठी खाण सुमारे २८ वर्षे चालावी लागेल. म्हणून ‘रोकडपट’ या शब्दाला ‘कोणत्या रोकडीच्या’ याच्या जोडीला ‘किती वर्षांच्या’ हे दुसरे विशेषण लावणे मी आवश्यक समजतो. साबणाच्या कारखान्यासाठी ते लागत नाही, येथे लागते.

ही वर्षे मोजताना मराठीतला ‘साठा’ हा शब्द फसवतो. इंग्रजीत ‘रिझर्व्ह’ आणि ‘रिसोर्स’ हे दोन निराळे शब्द आहेत आणि आपल्या वृत्तपत्रांत दोन्हींसाठी सर्रास ‘साठा’ छापले जाते. भूगर्भात खनिज असल्याचा पुरावा आहे एवढेच जेव्हा म्हणायचे असते तेव्हा ‘खनिजसंपदा’ म्हणावे. त्यातील जो भाग आजच्या भावाने, आजच्या तंत्राने आणि कायद्याच्या चौकटीत नफ्याने काढता येतो, त्यालाच ‘साठा’ म्हणावे. साठ्यातही सिद्ध आणि संभवनीय असे दोन दर्जे असतात. ‘संभाव्य’ हा शब्द मी टाळतो, कारण तो ‘प्रॉबेबल’ आणि ‘पॉसिबल’ या दोन्हींसाठी वापरला गेल्याने निकामी झाला आहे. साठ्याला वार्षिक उत्पादनाने भागले की खाणीचे आयुष्य निघते, खनिजसंपदेला भागून नव्हे.

आणि साठा असला तरी तो काढण्याचा हक्क किती काळ आहे, हे खाणपट्ट्यावर अवलंबून असते. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमात २०१५ मध्ये सुधारणा झाल्यानंतर प्रमुख खनिजांचे नवे पट्टे लिलावाने आणि ५० वर्षांसाठी दिले जातात. जुन्या पट्ट्यांपैकी स्वतःच्या कारखान्यासाठी खनिज वापरणाऱ्यांना साधारणपणे ३१ मार्च २०३० पर्यंतची मुदत मिळाली, तर इतरांची ३१ मार्च २०२० लाच संपली. पन्नास वर्षांचा किंवा नूतनीकरणाचा कालावधी त्याहून पुढे जात असेल तर तो धरला जातो. मुदतीनंतर लिलाव होतो, आणि नवा पट्टा घेणारा स्वामित्वधनाखेरीज (रॉयल्टीखेरीज) विक्रीमूल्याचा काही टक्के हिस्सा राज्याला देतो. तो हिस्सा ज्या सरासरी विक्रीभावावर मोजतात, तो नागपूरचा भारतीय खाण ब्युरो जाहीर करतो. एकाच खनिजाच्या दोन शेजारी खाणींची रोकड यामुळे अगदी वेगळी असू शकते.

एक विषयाला धरूनच असलेली आठवण नोंदवतो. आपला हा भाग ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यातील खनिजांच्या सवलतीवर १८८६ च्या सुमारास लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली आणि तिच्या शेअरच्या व्यवहारांवरून १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने चौकशी केली. तेव्हा तिच्याकडे सवलतीचा कागद होता, खाणीची रोकड नव्हती. पुढे हीच कंपनी सिंगरेणीच्या कोळशावर आली, हा भाग वेगळा. रोकडच नसलेल्या, केवळ शोधकाम करणाऱ्या कंपनीला रोकडपट लागूच होत नाही, आणि तेथे ‘भविष्यातील रोकडीच्या दोनपट’ असे लिहिणे म्हणजे शब्दाचा गैरवापर होय.

पुरवणी (नांदेड, खडी क्रशर व्यावसायिक)

सरांचे म्हणणे आम्हा गुत्तेदारांना नवे नाही. दगडाच्या खदानीचा गुत्ता विकत घेताना ‘महिन्याला काय सुटते’ या प्रश्नाच्या आधी ‘मुदत किती उरली आणि दगड किती उरला’ हे विचारले जाते, आणि दोन्हींपैकी जे आधी संपेल त्यावर बोली लागते. मला विचाराल तर भावाचा मुद्दा मात्र राहून गेला आहे. आमची खडी शंभर किलोमीटरच्या आत विकली जाते, तिचा भाव स्थानिक असतो. मँगनीज किंवा तांब्याचा भाव मात्र खाणमालकाच्या हातात नसतो. तेजीच्या वर्षाची रोकड धरून पट काढली तर ती नेहमीच कमी दिसणार.

प्रत्युत्तर (परभणी)

नांदेडकरांचा मुद्दा रास्त आहे. लातूरच्या सरांच्या कंपनीची विक्री १५० कोटी आहे असे मानल्यास, खनिजाचा भाव १० टक्के उतरला की १५ कोटी वरच्यावर जातात. कर आणि स्वामित्वधन थोडे कमी भरावे लागले तरी ३० कोटींतील मोठा वाटा गेलेला असतो. म्हणून एका वर्षाऐवजी तेजी-मंदीचे पूर्ण चक्र सामावणाऱ्या काही वर्षांची सरासरी रोकड घ्यावी आणि टिपणात तिला ‘सरासरी रोकडपट’ असे वेगळे नाव द्यावे. खाणकंपन्यांच्या शेअरची पट सर्वांत कमी दिसते ती बहुधा भाव शिखरावर असताना, हे आपल्या त्या दोन मित्रांना जरूर सांगावे.

वार्षिक अहवालातील आकस्मिक देयतांचे, म्हणजे पुढे कदाचित द्याव्या लागतील अशा रकमांचे, टिपणही वाचावे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जुलै २०२४ मध्ये स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिजयुक्त जमिनीवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय दिला. त्यानंतरच्या आदेशाने १ एप्रिल २००५ पासूनची मागणी करण्यास मुभा दिली आणि ती १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत विभागली. ज्या राज्याने असा कर लावला असेल तेथील खाणीच्या रोकडीतून हे हप्ते जातील, आणि मागील वर्षांच्या आकड्यांत त्यांचा मागमूसही नसेल. खाण बंद करताना खड्डा सुरक्षित करून जमीन पूर्ववत करण्याचा खर्चही असाच शेवटी येतो, जेव्हा रोकड आटलेली असते.

प्रश्नकर्त्याकडून (लातूर)

सर्वांचे आभार मानतो. कंपनीचा सिद्ध व संभवनीय साठा मिळून सध्याच्या उत्पादनाने १२ वर्षे पुरेल असे धरले आणि पट्ट्याची मुदत त्याहून अधिक आहे. ३० कोटींना ६.१९ ने गुणल्यास १८५.७ कोटी येतात. त्यातून निव्वळ कर्जाचे ४० कोटी वजा केले की भागधारकांसाठी सुमारे १४६ कोटी, म्हणजे शेअरमागे २९ रुपयांच्या आसपास उरतात. भाव ४० आहे. भावातील चढउतार आणि खाण बंद करण्याचा खर्च यांत धरलेला नाही. टिपणातील वाक्य आता असे लिहितो : ‘टिकवणुकीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रोकडीच्या ८ पट किमतीला ही कंपनी बाजारात मिळते, तर तिच्या १२ वर्षांच्या साठ्यावर, १२ टक्के वटावाने, सव्वासहा पटही निघत नाही.’

पुरवणी (छत्रपती संभाजीनगर)

वाक्य निर्दोष आहे. फक्त ‘साठ्यावर’च्या आधी ‘सिद्ध व संभवनीय’ हे शब्द घालावेत आणि साठ्याचा अंदाज कोणत्या तारखेचा आहे तेही द्यावे, कारण तो अंदाज चार वर्षांपूर्वीचा असेल तर १२ पैकी चार वर्षांचे खनिज एव्हाना विकून झाले असेल.