मदत हवी आहे: सोफ्यावर बसलं की सबवूफर नुसता घुमतो
मंडळी, हॉलमध्ये १० इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर (फक्त खालचे, बासचे स्वर वाजवणारा, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला स्पीकर) जोडलाय. रिसीव्हरच्या (बाकीचे स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या) सब प्री-आउटमधून, म्हणजे सबसाठीच्या आउटपुटमधून, एकच आरसीए केबल सबच्या एलएफई (खालच्या स्वरांच्या) इनपुटला. बाकीचे स्पीकर ‘स्मॉल’वर, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचे स्वर सबकडे जातात. तरी सोफ्यावर पखवाजाच्या थापा एकमेकींत मिसळून नुसता घुमारा येतो, आणि दोन पावलं पुढे सरकलं की बास गायब! सबचा फेज (त्याचा आवाज बाकीच्या स्पीकरशी जुळवणारी सेटिंग) ०चा १८० अंश केला, तर आवाज उलट पातळ झाला. परत ०वर आणला. सब कोपऱ्यात आहे आणि सोफा भिंतीला टेकून. सब सोफ्यावर ठेवून, खोलीभर रांगत बास कुठे नीट ऐकू येतो ते बघून सबची जागा शोधायची पद्धत कुणी करून पाहिलीय का? की आधी सोफाच पुढे ओढू? (घरच्यांना पटवणं हा वेगळा विषय.) शिवाय खालच्या मजल्यावर हादरे जातात, त्याला जाड रबरी पॅड पुरतील का?