मायचा जुना नंबर तसाच ठेवून स्वस्त प्लॅनवर जायचंय, पोर्ट करावं का?

आखाड्यावरून (जि. हिंगोली)

राम राम मंडळी. विषय तसा साधा हाय पण ज्याला इचारावं तो येगळंच सांगायलाय म्हणून हितं टाकतोय. आमच्या मायकडं बटनाचा फोन हाय, नंबर चौदा-पंधरा वर्षाचा, अख्ख्या भावकीला पाठ. बँकेचं पासबुक, आधार, पीएम किसान, लाडकी बहीणचं केवायसी, समदं त्याच नंबराला जोडलेलं त्यामुळं नंबर बदलणं तर धकतच नाही. मी दर २८ दिवसाला २९९ चा मारतो, त्यात रोज नेट मिळतं आन् माय त्यातलं एक एमबी बी वापरत नाही, फोनात नेट हायच कुठं. वरून २८ दिवसाचा हिशेब, म्हणजे वर्षात बारा नाही तेरा रिचार्ज, झाले ना ३,८८७ रुपये. नुस्तं बोलायला.

आता नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत टाकावं (त्यालाच पोर्ट म्हणतात) म्हणलं तर चुलतभाऊ म्हणायलाय नंबर आठ दिवस बंद राहतो, दुकानदार म्हणायलाय बँकेत जाऊन परत नंबर जोडावा लागतो. खरं काय? कोणी केलं असलं तर सांगा.

गंगाकाठ, परभणी

दोघंबी चूक. २०११ च्या जानेवारीपासून देशभर पोर्ट चालू हाय आन् नंबर तोच राहतो तर बँकेला, आधारला काय सांगायचंय? काहीच नाही. फक्त ज्याच्या फोनात फोनपे-गुगलपे हाय त्याला सिम बदलल्यावर ॲपमधी परत एकदा नंबर व्हेरिफाय करावा लागतो, मायला तो प्रश्नच नाही.

मेसेज मायच्याच फोनवरून १९०० ला करायचा, इंग्रजीत पोर्ट लिहून जागा सोडून दहा आकडी नंबर. बटनाच्या फोनवर ७ एकदा, ६ तीनदा, ७ तीनदा, ८ एकदा दाबलं की पोर्ट होतं (मी वडलांच्या फोनवर अर्धा तास घातला होता, ६ दोनदा दाबून एन येतोय आन् मी कंपनीला शिव्या देतोय). आठ अक्षर-आकड्यांचा यूपीसी कोड (पोर्टसाठीचा कोड) येतो, तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं, अंगठा लावायचा, सिम घ्यायचं. आपल्याच सर्कलमधी (मोबाईल सेवेसाठी देशाचे विभाग पाडलेत, त्यातला आपला) असल्यावर तीन कामाचे दिवस लागतात. जुनं सिम तवर चालूच असतं, बदलायच्या वक्ताला काही तास रेंज जाते तेवढंच, बहुतेक रातच्याला.

आन् रिचार्ज संपलेला असला, प्लॅनमधी मेसेज नसले तरी १९०० ला मेसेज जायलाच पाहिजे, ट्रायनं (मोबाईल कंपन्यांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) २०२१ च्या डिसेंबरातच कंपन्यांना तसं बजावलंय. दुकानदार आधी रिचार्ज मारा म्हणला तर ऐकू नका.

माळवदावरचा

वरच्या भाऊनं सांगितलं ते समदं बराबर पण मायचा फोन कोणता हाय ते कोणी इचारलंच नाही. साधा टूजी डबडा असला आन् तुम्ही नंबर जिओत नेला तर त्यात सिम चालायचंच नाही, जिओकडं टूजी नाहीच, फोरजीवाला बटनाचा फोन घ्यावा लागंल. म्हणजे शंभर वाचवायला गेले आन् हजार घालून बसले.

दुसरं म्हणजे रेंज. मी दोन वर्षाखाली प्लॅन स्वस्त दिसला म्हणून कंपनी बदलली, तालुक्याच्या गावात दोन दांड्या कमी नाही आन् घरी आलो की शून्य. जाड भिंतीचं जुनं घर, माळवदावर चढल्याशिवाय फोन लागंना, त्यातबी उत्तरेच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ. पावसाळ्यात छत्री घेऊन वर उभा राहून मी कापसाचा भाव इचारलाय. परत फिरावं म्हणलं तर एकदा पोर्ट केलं की ९० दिवस हलता येत नाही. तीन महिने काढले तसेच. म्हणून त्या कंपनीचं सिम असलेला एखादा पाव्हणा घरी बोलवा, चहा पाजा, घरात आन् आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) दोन्हीकडं त्याचा फोन लावून बघा आन् मगच ठरवा.

ज्वारीची भाकर

मला एक कळंना, तुम्ही पोर्ट करताच कामून? कंपनी महाग नाही, तुमचा प्याक चुकीचा हाय दादा. ट्रायनं २०२४ च्या डिसेंबरात हुकूम काढला की नेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आन् मेसेजचा प्याक ठेवावाच लागंल, २०२५ च्या जानेवारीत मोठ्या कंपन्यांनी तसे आणले. ८४ दिवसाचा साडेचारशे-पावणेपाचशेच्या दरम्यान. तुम्ही ८४ दिवसाला तीन वेळा २९९ म्हणजे ८९७ भरताय. अर्ध्यात काम होतंय की, ना सिम बदलायचं ना अंगठा लावायचा. ॲपमधी हे प्याक वर दिसत नाहीत, पार खाली सरकवत जावं लागतं, दुकानात तर नाव घेऊन मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. आजचा नेमका भाव रिचार्ज मारायच्या आधी बघून घ्या, बदलत राहतो.

आखाड्यावरून (जि. हिंगोली)

ताई हे तर मला कोणीच बोललं नव्हतं. बघतो. पण एक भानगड राहिली ती आधी लिहिली नाही. सिम बापूच्या नावावर हाय, मायच्या नाही. बापू जाऊन सहा वर्षं झाले. आजवर कोणी इचारलं नाही म्हणून तसंच चाललंय. पोर्ट करताना मायचा अंगठा चालतो का?

चुलीपाशी, बीड

दादा ह्यात उगं शॉर्टकट मारू नका, आमचं झालंय. सासऱ्यांचं सिम असंच त्यांच्या माघारी चालू होतं. पोर्ट करायला गेलो तर सासूबाईंचा अंगठाच उमटंना, जन्मभर खुरपं धरलेला हात, चारपाच वेळा मशीनवर दाबून बघितला, पदरानं पुसून बघितला. दुकानातल्या पोरानं "काय होत नाही काकू" म्हणून सरळ स्वतःचा अंगठा लावून दिला आन् आम्हीबी गप बसलो, घाई होती. नंबर चालू झाला, वर्षभर काही नाही. मग बाजारात फोन हरवला. दुसरं सिम काढायला गेलो तर नंबर दुसऱ्याच्याच नावावर, त्यानं येऊन सही केल्याशिवाय मिळंना आन् तो पोरगा दुकान सोडून पुण्याला गेलेला. सव्वा महिना सासूबाईंच्या बँकेचा ओटीपी आला नाही.

म्हणून आधी आहे त्याच कंपनीच्या मोठ्या स्टोअरला जाऊन नंबर मायच्या नावावर करा. मृत्यूचा दाखला, मायचं आधार, नातं दाखवणारा कागद घेऊन जा, वारसांची संमतीबी मागतात. नाव बदलायचा अर्ज चालू असताना पोर्टचा कोड निघत नाही. आन् त्यात सिम नवं दिलं तर त्यानंतर ७ दिवस कोड मिळत नाही, हा नियम २०२४ च्या जुलैपासून आलाय, चोरून डुप्लिकेट सिम काढून नंबर पळवायचे म्हणून. यूपीसी कोड तर कोणालाच फोनवर सांगू नका.

कल्याण टू लातूर

ते तीन दिवस फक्त आपल्याच सर्कलमधी, हे लक्षात ठेवा लोकहो. पुणे, नाशिक, नागपूरचा नंबर असला तरी सर्कल महाराष्ट्रच, तीन दिवस. माझा कल्याणचा होता, ते मुंबई सर्कलमधी धरतात, म्हणून पाच कामाचे दिवस, त्यात मधी सुट्टी आली म्हणजे बघा. आणि मेसेज केल्याबरोबर जुन्या कंपनीचे फोन चालू होतात, हे देतो ते देतो, थांबा. मी एकदा थांबलो होतो, ऑफर एकाच महिन्याची निघाली. जुन्यातला बॅलन्सबी बुडतो, संपवून टाका.

आखाड्यावरून (जि. हिंगोली)

सगळ्यांचे आभार. काल प्याक संपला होता, ॲपमधी खाली खाली जाऊन तो बोलायचा ८४ दिवसाचा सापडला एकदाचा, मारला. पोर्टचं सध्या राहू दिलं. आखाड्यावर आमच्या ह्याच कंपनीची रेंज येते, पाव्हण्याचा फोन लावून बघितला, विहिरीपाशीबी लागंना त्याचा.

नावाचं काम मात्र करायचंय. स्टोअरमधी जाऊन आलो, दोघा भावांच्या सह्या लागतील म्हणले, धाकटा चाकणला कंपनीत हाय, पोळ्याला येतो तवा करू. मायला सांगितलं की नेट बंद केलं तुझं, तर म्हणायली, "टीव्ही तर बंद नाही ना होयाचा?"