विषय: बंद सभागृहातला कार्यक्रम घ्यायचा का, आणि कसा?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

संमेलनाची तारीख तोंडावर आली आहे आणि कार्यकारिणीत सरळ दोन तट पडले आहेत. २६ नोव्हेंबर २०२१ ला कोरोनाच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराचं नाव जाहीर झाल्यापासून रोज कुणी ना कुणी फोन करून विचारतं, "होणार ना नक्की?" सध्याचा प्रस्ताव असा: कार्यक्रम सभागृहातच, दारावर लशीचं प्रमाणपत्र तपासायचं, आत मास्क सक्तीचा. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपापसात बोलण्यापेक्षा इथे मोकळेपणानं लिहा. सगळ्यांचं ऐकूनच निर्णय घ्यायचा आहे.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

सचिवांस नमस्कार.

लशीला माझा विरोध नाही. माझा बूस्टरसुद्धा झाला आहे. विरोध आहे तो आपल्याच माणसांना दारात अडवून कागद मागण्याला.

मार्च २०२० पासून आपल्याला काय काय सांगितलं गेलं ते आठवा. आधी म्हणाले, धडधाकट माणसाला मास्कची गरज नाही. मग तोच मास्क सक्तीचा झाला. घरात येणारी प्रत्येक पिशवी पुसा म्हणाले, आपण पुसली. हा आजार हवेतून पसरत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २८ मार्च २०२० रोजी ठासून जाहीर केलं होतं. आता बंद खोलीत तो हवेतूनही पसरतो हे तीच संघटना मान्य करते. आजार नवा होता, माहिती बदलणारच. पण दर वेळी सूर मात्र तोच, छातीठोक. "आम्हाला अजून नीट कळलेलं नाही, तोवर एवढं करू या" असं कुणी म्हणालं असतं तर लोकांनी जास्त ऐकलं असतं.

आपल्याकडे हे आधी घडून गेलं आहे. १८९६ च्या शरदात मुंबईत प्लेग आला, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरले. माणसं उचलून छावणीत नेली, सामान जाळलं, जमिनी औषधानं धुऊन काढल्या. लोकांनी काय केलं? आजारी माणूस लपवला. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे जी जबरदस्ती झाली ती बरीचशी भलत्याच जागी झाली, आणि तिच्यापायी लोकांचा उरलासुरला भरवसाही गेला. त्याच साथीत सावित्रीबाई यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्ण आणून पोचवत होत्या. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनंच गेल्या. त्यांच्यापासून कुणी आपला रुग्ण लपवल्याचं मी कधी वाचलेलं नाही.

आपल्यातले कितीतरी वयस्कर लोक दीड-पावणेदोन वर्षं चार भिंतींत आहेत. एकटेपणानंही माणूस खचतो. त्यांना बोलवा, दार उघडं ठेवा.

---

प्रेषक: सभागृह समिती

काका, नमस्कार.

तुमच्या बऱ्याच म्हणण्याशी मी सहमत आहे, पण "दार उघडं ठेवा" याचा मी अगदी शब्दशः अर्थ घेणार आहे. इमारतींच्या वायुवीजनाचंच काम मी करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१० मार्च २०२० ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीमध्ये एका गायकवृंदाची तालीम झाली. अडीच तास, ६१ माणसं. हात निर्जंतुक करायची सोय होती, गळाभेटी टाळल्या होत्या. म्हणजे तेव्हा जे सांगितलं जात होतं ते त्यांनी पाळलं. तरी त्यांतले ५३ जण आजारी पडले आणि दोघे गेले. बाधित माणसाच्या श्वासातून, बोलण्यातून आणि गाण्यातून सूक्ष्म कण बाहेर पडतात. ते लगेच खाली बसत नाहीत, खोलीत तरंगत राहतात. सहा फुटांवर बसलो म्हणून सुटलो असं होत नाही. आपला कार्यक्रम काय असतो? दारं बंद आणि तीन तास गाणं.

ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येते. कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर मिळतो. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० दाखवतो, म्हणजे दहा लाख भागांत ४२०. आपल्या उच्छ्वासात हेच प्रमाण चाळीस हजारांच्या आसपास असतं. मागच्या बैठकीला मी मीटर टेबलावर ठेवला होता. लहान खोली, दार लावलेलं. चर्चा तापत गेली तसा आकडाही चढत गेला आणि शेवटी १५०० च्या पुढे गेला. त्याचा सरळ हिशोब असा: त्या वेळी आपण घेत असलेल्या दर शंभर श्वासांतले अडीचहून जास्त आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेले होते. मग समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या. आकडा झपाट्यानं खाली आला. नुसती एक खिडकी उघडली असती तर इतक्या लवकर उतरला नसता, हवेला यायला एक आणि जायला एक अशी दोन्हीकडून वाट लागते.

मीटर विषाणू मोजत नाही, हे लक्षात असू द्या. हवा किती शिळी झाली ते सांगतो, एवढंच. शिवाय हेपा फिल्टरचं यंत्र कण गाळतं पण कार्बन डायऑक्साइड काढत नाही, म्हणून यंत्र सुरू असताना नुसत्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

मास्कबद्दल. कापडी मास्क घालून समाधान मानू नका. एन ९५ चं कापड निदान ९५ टक्के कण अडवतं, पण चेहऱ्याला चिकटून बसला तरच. चष्मा लावून बघा. काचेवर वाफ धरली तर नाकापाशी फट आहे, हवा तिथूनच ये-जा करते आहे. वरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी नाकावर दाबून बसवा, एका हातानं चिमटा काढल्यासारखी नको, त्यानं मधे कोन पडतो.

आता प्रमाणपत्र. इथे मी काकांच्या बाजूची आहे, पण कारण वेगळं. लस गंभीर आजारापासून आणि मृत्यूपासून वाचवते, म्हणून ती घ्याच, राहिलेला डोस आजच घ्या. पण नुसती लागण रोखण्याची तिची ताकद काही महिन्यांत उतरते आणि ओमिक्रॉन तर तिला बऱ्यापैकी चकवतो असं दिसतं आहे. प्रमाणपत्र असलेला माणूस आज संध्याकाळी बाधित नाही, याची हमी तो कागद देत नाही. त्यापेक्षा निघण्याआधी घरी केलेली अँटिजेन चाचणी उपयोगाची. आदल्या दिवशीची नको, त्याच दिवशीची, निघायच्या जितकी जवळ तितकी बरी. तीही चुकू शकते, म्हणूनच मास्क आणि खिडक्या सोडायच्या नाहीत.

---

प्रेषक: एक सभासद

सर्वांना नमस्कार.

मी सहसा इथे लिहीत नाही. यांचं मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेलं आहे. नवं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं रोज घ्यावी लागतात आणि त्याच औषधांमुळे लशीचा परिणाम त्यांच्यात फार कमी दिसतो. अशा रुग्णांना तिसरा डोस मूळ लसीकरणाचाच भाग म्हणून द्यावा असं आता सांगतात, तो दिला. तरी डॉक्टर म्हणतात, लस घेतलीच नाही असं समजून वागा.

"धोका फक्त म्हाताऱ्यांना आणि आधीच आजारी असणाऱ्यांना" हे वाक्य या दोन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलं आहे. धीर द्यायला म्हणतात, मला माहीत आहे. पण ते ऐकताना शेजारी हे बसलेले असतात.

काका, एकटेपणाबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं. यांचे भाऊ गेले तेव्हा विमानं बंद होती. अंत्यदर्शन आम्ही फोनच्या पडद्यावर घेतलं, मधेच चित्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा सगळं आटोपलं होतं. नंतर किती दिवस हे कुणाशी बोलले नाहीत. तेव्हा माणसांची किती गरज असते ते मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच म्हणते, सक्ती हा शब्द काढायचा असेल तर काढा, पण मास्क ऐच्छिक ठेवलात तर आमच्यासाठी दार आपोआप बंद होतं. दारावर आम्हाला कुणी अडवलेलं नसेल, इतकंच.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

वहिनी, तुमचं पत्र दोनदा वाचलं.

माझं म्हणणं जबरदस्तीविरुद्ध होतं आणि आहे. पण मास्क लावल्यानं माझं काही जात नाही आणि तुमच्या घरी त्यानं फरक पडतो, तर त्याला मी जबरदस्ती म्हणणार नाही. फक्त नियमाच्या पत्रात कारणही लिहा. "मास्क अनिवार्य" एवढाच फलक नको. आपल्यात असे लोक आहेत ज्यांच्यावर लस पुरेशी चालत नाही, म्हणून सगळ्यांनी लावायचा आहे, असं लिहा. माणसं ऐकतील.

आणि ज्याची चाचणी पॉझिटिव्ह येईल त्याचं काय? "घरी बसा" म्हणणं सोपं आहे. जो एकटा राहतो त्याला औषध कोण आणून देणार, ताप मोजला का हे रोज कोण विचारणार? ही व्यवस्था होणार नसेल तर लोक चाचणीच करणार नाहीत. फोनची यादी मी सांभाळतो.

---

प्रेषक: सचिव

मंडळी,

कार्यकारिणीची काल बैठक झाली. प्रमाणपत्राची अट काढली आहे. दोघांचा तिला अजूनही आग्रह होता, त्यांचं मत इतिवृत्तात नोंदवलं आहे. कार्यक्रम तीन तासांऐवजी दीड तासाचा, आसनं निम्मी. दोन्ही बाजूंच्या खिडक्या पूर्ण वेळ उघड्या राहतील, तेव्हा गरम कपडे घालून या. एन ९५ मास्क दारात मिळतील, आतमध्ये ते सगळ्यांनी लावायचे आहेत आणि का लावायचे ते निमंत्रणातच लिहू. मास्क उतरावा लागू नये म्हणून आत खाणंपिणं नाही. गाणारे उघड्या खिडकीपाशी उभे राहतील आणि पहिली रांग रिकामी ठेवू. निघण्याआधी घरी चाचणी करा. पॉझिटिव्ह आली तर काकांना कळवा, तुमचं नाव ते इतर कुणालाही सांगणार नाहीत.

कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवरचा आकडा ८०० च्या वर टिकून राहिला तर सभागृह समितीनं कार्यक्रम थांबवून सगळ्यांना दहा मिनिटं बाहेर काढावं, असा अधिकार ताईंना दिला आहे. गाणं रंगात आलं असलं तरी.

प्रक्षेपण घरबसल्या बघता येईल. वहिनींनी फोनवर सुचवलं की एक कॅमेरा प्रेक्षकांकडेही लावा, "मंचावरचे कार्यक्रम काय, इतरत्रही बघायला मिळतात, आम्हाला माणसं बघायची आहेत." तो लावणार आहोत. दुसरा कॅमेरा आणि तिकाटणं कुणाकडे असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.