उभे राहण्यात नितंबाच्या स्नायूचा वाटा

सरळ उभे असताना खुब्याचा सांधा मुख्यतः नितंबाचा मोठा स्नायू, म्हणजे ग्लुटिअस मॅक्सिमस, धरून ठेवतो, असे या चर्चेतील एका प्रतिसादात म्हटले आहे; ते पटत नाही. बैठकांनी हा स्नायू कमावला जातो, एवढे मात्र खरे. स्वस्थ उभे असताना शरीराच्या भाराची रेषा या सांध्याच्या किंचित मागून जाते, त्यामुळे धड मागे कलू पाहते आणि त्याला सांध्याच्या पुढच्या बाजूचा इलिओफेमोरल अस्थिबंध (हाडांना हाडे जोडणारा चिवट पट्टा) अडवतो, जो शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंध मानला जातो. नितंबाचा स्नायू त्या वेळी जवळजवळ विसावलेला असतो. कोल्हापुरात हे पडताळणे अवघड नाही: गंगावेस तालमीतील एखाद्या पैलवानाला विचारले, तर बैठकीतून वर उठताना टणक होणारा हा स्नायू उभ्याने दम खाताना सैल लागतो, हे तो स्वतःच्या हाताने चाचपून सांगेल.

उभे राहण्याच्या या चर्चेत त्रिकास्थीचा, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाचा, विचार राहूनच गेला आहे. वरून येणाऱ्या भाराने तिचे वरचे टोक पुढे झुकू पाहते आणि खालचे मागे उचलले जाऊ पाहते. त्या खालच्या टोकाला सॅक्रोट्यूबरस व सॅक्रोस्पायनस हे तिला श्रोणीच्या (कमरेखालच्या हाडांच्या घेराच्या) हाडाशी जोडणारे दोन अस्थिबंध आवरून धरतात. हेच दोन अस्थिबंध श्रोणीच्या हाडातील खाचांचे रंध्रांत, म्हणजे बंदिस्त भोकांत, रूपांतर करतात, आणि त्यांपैकी मोठ्या रंध्रातून सायटिक नस, म्हणजे पायाकडे जाणारा जाड मज्जातंतू, बहुधा नितंबात खोलवर असलेल्या पिरिफॉर्मिस स्नायूच्या खालून बाहेर पडते. काही व्यक्तींत तिचा एक भाग त्या स्नायूच्या आरपार जातो.