ऑफिस बंद पडलं तर परदेशी माध्यमांचं मॉनिटरिंग कसं चालू ठेवायचं?

भाषाटेबल:
आठ जणांचा विभाग, पाच भाषा. उपग्रहावरच्या ६ परदेशी वाहिन्या, ४ रेडिओ केंद्रं, साधारण ७० संकेतस्थळं आणि टेलिग्राम चॅनल एवढं रोज पाहिलं जातं. वीज, पूर, संप, इमारत सील होणं, कारण काहीही असो, १ ते ५ दिवस ऑफिसात पाऊल ठेवता येणार नाही असं धरून आराखडा करायचा आहे. सध्या त्यात एकच ओळ आहे: 'सर्वांनी घरून काम करावे.' यात नेमकं काय काय कोलमडतं आणि सुरुवात कुठून करावी?

रात्रपाळी:
सुरुवात स्रोतांच्या यादीपासून करा, पण ती महत्त्वाप्रमाणे लावू नका. 'आत्ता पकडलं नाही तर पुन्हा मिळेल का?' हा निकष लावा. वृत्तसंस्थेची मजकुराची बातमी उद्याही तिथेच असते. थेट बातमीपत्र गेलं की गेलं; नंतर संकेतस्थळावर चढतं ते बऱ्याचदा कापलेलं असतं. टेलिग्रामवरची पोस्ट कधीही बदलते किंवा उडते. म्हणून आधी रेकॉर्डिंग वाचवायचं. भाषांतर दोन दिवस थांबलं तरी चालतं.

हिशेब असा: साध्या दर्जाची वाहिनी सुमारे ३ मेगाबिट प्रतिसेकंद धरली तर तासाला १.३५ जीबी, दिवसाला ३२ जीबी. सहा वाहिन्या पाच दिवस म्हणजे १ टीबीच्या आसपास, तेव्हा डिस्क २ टीबीची ठेवा. एचडी असेल तर आकडे दुपटीच्या वर जातात. रेडिओ ६४ किलोबिटला दिवसाला ७०० एमबीसुद्धा होत नाही, त्याची काळजी करू नका.

मूळ फाइली घरी ओढायच्या भानगडीत पडू नका, ऑफिसच्या लाइनचा अपलोड तिथेच गुदमरतो. रेकॉर्डरवरच ५०० किलोबिटची हलकी प्रत बनवा (तासाला सव्वादोनशे एमबी) आणि तेवढीच बाहेर पाठवा.

वेळापत्रक यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) लिहा. चीनच्या सीसीटीव्ही या सरकारी वाहिनीचं संध्याकाळी ७ चं मुख्य बातमीपत्र ११:०० यूटीसी, रशियाचं रात्री ९ चं 'व्रेम्या' १८:०० यूटीसी. या दोन्ही देशांत घड्याळं मागेपुढे होत नाहीत, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. अमेरिकेच्या तारखा त्याहून वेगळ्या, त्यामुळे दरवर्षी काही आठवडे दोघांमधला फरक एक तासाने चुकतो.

लघुलहरी:
यंत्रांच्या बाजूने थोडं. डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज रिसीव्हरमधूनच जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. रिसीव्हर बंद पडला की डिश शाबूत असून उपयोग नाही. सहा रिसीव्हर, रेकॉर्डर, राउटर मिळून १५० वॉट धरा. १२ व्होल्ट १५० एएचची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तर इन्व्हर्टरमधला तोटा वजा जाता जेमतेम ५ तास मिळतात. पाच दिवसांसाठी हे काहीच नाही. म्हणजे दुसऱ्या जागेवर आणखी एक रेकॉर्डर लागणारच.

खरा घोळ वीज परत आल्यावर होतो. बरेच रिसीव्हर स्टँडबायमध्ये उठतात, काही यादीतल्या पहिल्या वाहिनीवर. रेकॉर्डर इमानेइतबारे फाइली लिहीत राहतो, आकारही बरोबर दिसतो, आणि आत काळा पडदा किंवा भलतीच वाहिनी. त्यामुळे नुसता फाइलचा आकार तपासू नका. दर १५ मिनिटांना एक चित्र काढून घ्या आणि एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या मोफत प्रोग्रामच्या फिल्टरने शांतता आणि काळी फ्रेम शोधा. दोन्हींपैकी काही सापडलं तर एसएमएस जाईल अशी सोय करा.

कू-बँड (लहान डिशवर येणारा उपग्रह सिग्नल) मुसळधार पावसात हमखास जातो, म्हणजे ज्या पावसाने ऑफिस बंद होईल त्याच पावसाने सिग्नलही. सी-बँड (मोठ्या डिशवरचा) तगतो, पण ती मोठी डिश घरच्या गच्चीवर नेता येत नाही. म्हणून प्रत्येक वाहिनीला इंटरनेट प्रवाहाचा दुसरा मार्ग ठेवा.

शॉर्टवेव्हवर रात्री ६–७ मेगाहर्ट्झ, दिवसा १३–१७ मेगाहर्ट्झ असा ढोबळ नियम. इन्व्हर्टर स्वतःच भरपूर खरखर करतो, तेव्हा रिसीव्हर थेट १२ व्होल्टवर चालवा. किवीएसडीआरसारखे वेबवरचे रिसीव्हर कामी येतात, पण एका वेळी ऐकणाऱ्यांसाठी जागा मोजक्या असतात, काहींवर वेळेची मर्यादा असते आणि तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) तो रिसीव्हर चालवणाऱ्याला दिसतो. स्थानिक मध्यम लहरी ऐकायच्या असतील तर लक्ष्य देशाजवळचे तीन-चार आधीच शोधून ठेवा.

कुलूपकिल्ली:
हे सगळं ठीक, पण पहिल्या सकाळी काम अडतं ते लॉगिनवर. टेलिग्राम खातं ज्या सिमवर काढलं तो फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि कोड तिकडे जातो. दोन उपकरणांवर सत्रं आधीच चालू ठेवा, रिकव्हरी कोड छापून दोन वेगळ्या जागी ठेवा. आठ जण आठ घरच्या नेटवरून एकाच वर्गणीच्या खात्यात शिरले की ते लॉक होतं. सगळे एकाच व्हीपीएनमधून जाऊ द्या, आणि त्याचा सर्व्हर ऑफिसच्याच खोलीत नको! काही वाहिन्यांचे प्रवाह देश पाहून अडवतात, काहींच्या दुव्यातलं टोकन (तात्पुरता परवाना-कोड) काही तासांत संपतं. जतन केलेल्या दुव्यांवर विसंबू नका, पानावरून ताजा दुवा काढणारी स्क्रिप्ट ठेवा.

भाषाटेबल:
ड्रॉवरमधल्या फोनची गोष्ट तंतोतंत लागू आहे. माणसांचं काय करायचं? दोन भाषांना प्रत्येकी एकच जण आहे.

रात्रपाळी:
त्या दोन भाषांसाठी पूर्ण भाषांतराचा नाद सोडा. एका तासाच्या ध्वनीचं शब्दशः लेखन म्हणजे सरावाच्या माणसालाही चार तास. मथळे, कोण बोललं, फाइलमधली वेळ, एवढंच टिपण घ्या. व्हिस्परसारखं, बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवा. मोठ्या मॉडेलला साधारण १० जीबी ग्राफिक्स मेमरी लागते, नसेल तर छोटं. मात्र शांततेत आणि संगीतात ते न बोललेली वाक्यं घालतं. आधी फक्त बोलण्याचे भाग कापून त्याला द्या, आणि नावं व आकडे माणसाने ऐकल्याशिवाय पुढे पाठवू नका.

नोंदवहीत एक रकाना हवाच: 'पाहिलं, काही नव्हतं' आणि 'पाहिलंच नाही' वेगळं लिहा, सुरुवात–शेवट यूटीसीत. महिन्याभराने कोणी विचारलं की त्या दिवशी अमुक देश गप्प होता का, तर रिकामा रकाना दोन्ही अर्थांनी वाचला जातो.

लघुलहरी:
आणि तालीम करताना आगाऊ कळवू नका. मेन स्विच पाडा, दोन तासांनी वर करा, मग कोणता रिसीव्हर कुठल्या वाहिनीवर उठला ते बघा.